नकाशेवालीला कोणी विचारलं?

मोबाइल टेबलावर उताणा पडला होता आणि माझ्या दोन्ही हातांत एका निवृत्त बसड्रायव्हरचा उजवा कान होता. दोरा बांधलेला कापसाचा बोळा आत बसवून झाला होता, पिचकारीतून गुलाबी लगदा सोडायला सुरुवात केली होती, आणि हे काम एका दमात करायचं असतं. मध्येच हात थांबला की साच्यावर शिवण उमटते, आणि त्या साच्यावरून केलेलं कानाचं यंत्र पुढं जन्मभर शिट्ट्या मारत राहतं. तेवढ्यात स्क्रीन उजळली. दादाचा मेसेज. कामात मी मोबाइलकडे बघत नाही, पण डोळा गेला तो गेलाच. 'शेवटी ती त्याला माफ करते. नक्की बघ. बघितलंस की बोलू.' माझा हात थांबला. लगदा घट्ट होईपर्यंत जबडा हलवायचा नसतो, म्हणून ड्रायव्हरकाका नुसत्या भुवया उंचावून माझ्याकडे बघत बसले. साचा बाहेर काढला तर शिवण पडलीच होती. काका, पुन्हा करावं लागणार, माझं चुकलं, असं मी म्हटलं खरं. पण चूक माझी नव्हती. ज्याची होती तो जगाच्या दुसऱ्या टोकाला बसून, आपण बहिणीला काहीतरी सुंदर सांगितलं अशा समाधानात चहा पीत असणार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हे कोणाला सांगावं तर लोक हसतात. शेजारच्या टेबलावर यंत्रांची दुरुस्ती करणारी माझी मैत्रीण हसलीच. मालिकेचा शेवट कळला म्हणून एवढं, असं तिचं म्हणणं. तिच्या घरी कोणी मालिकेचा शेवट सांगितला तर ती म्हणते, बरं झालं, तास वाचला. तिला मी काय सांगणार? 'सातवी कक्षा' आम्ही बघायला लागलो तेव्हा मी आणि दादा कॉलेजात होतो. आईला नावावरून तो शाळेचा कार्यक्रम वाटायचा, आणि एवढे घोडे झाले तरी सातवीतच अडकलेत म्हणून ती बाबांकडे आमची चेष्टा करायची. दर आठवड्याला सोफ्याच्या दोन टोकांना दोघं, मध्ये एक पांघरूण, आणि समोर टीव्हीवर ते मोडकंतोडकं अंतराळयान. कप्तान, इंजिनवाला, डॉक्टर आणि नकाशेवाली. नकाशेवाली मला आवडायची, कारण बाकीचे सगळे भाषणं करायचे आणि ती काम करायची. पुढं दादा नोकरीसाठी परदेशी गेला. मग तो तिकडं बघायचा, मी इकडं, आणि भाग संपला की त्याचा फोन यायचा. तेव्हा आम्ही घरातलं काहीच बोलायचो नाही. इंजिनाबद्दल, ग्रहांबद्दल, कप्तानच्या मूर्खपणाबद्दल बोलायचो. मला वाटायचं, हेही बोलणंच आहे. बाबा अंथरुणाला खिळल्यावरही त्याचे फोन यायचे ते असेच. आधी पाऊण तास यान, मग शेवटी दाराशी उभं राहून विचारावं तसं, आणि बाबा कसे आहेत?

आणि मग त्या लोकांनी मालिका तोडली. यान फुटायला आलं होतं, कोणीतरी एकानं मागं राहून वाट दाखवणारा संदेश पाठवत राहायचा होता, आणि नकाशे फक्त तिलाच कळत होते. ती त्या उजाड ग्रहावर राहिली. कप्तान म्हणाला, मी परत येईन. दार बंद झालं, यान गेलं, आणि पुढच्या वर्षी मालिका आलीच नाही. बंद. प्रेक्षक कमी झाले म्हणे. म्हणजे बाईला दगडावर बसवून ही मंडळी घरी जेवायला गेली. तेव्हा जगभरच्या आमच्यासारख्या खुळ्यांनी जो आरडाओरडा केला त्याला तोड नाही. सह्या गोळा झाल्या, पत्रं गेली, कोणी मालिकावाल्यांच्या दारात दगड ठेवून आलं. मीही एक सही केली. बाबांना कुशीवर वळवून, औषध देऊन, हात पुसून मी ती सही केली होती. इतकी वर्षं गेल्यावर आता कुठं त्यांना पाझर फुटला, आणि शेवट म्हणून तीन भागांची छोटी मालिका आली. वरातीमागून घोडं, पण आलं एकदाचं.

आमचा गट आहे, 'तळावरची मंडळी' नावाचा. तिथं कोणी खऱ्या नावानं नसतं. इंजिनमास्तर म्हणून एक गृहस्थ आहेत, त्यांना यानाचा प्रत्येक खिळा पाठ आहे. एक जण बर्फगोळा आहे. मी कानकोरणं. आणि दादा तिथं धूमकेतू आहे, नाव मात्र त्यानं अगदी स्वतःला शोभेल असं घेतलंय. आम्ही सख्खे बहीणभाऊ आहोत हे तिथं कोणाला माहीत नाही. गटाचा पहिला नियम मौनाचा. नवा भाग आला की सगळ्यांनी बघेपर्यंत कोणी अवाक्षर काढायचं नाही. जो सगळ्यात शेवटी बघेल त्यानं 'दार बंद' असं लिहायचं, मग बोलायचं, कारण मालिकेत यानाचं दार बंद झाल्याशिवाय कोणी शिरस्त्राण काढत नसे. बाहेरच्याला हा पोरखेळ वाटेल. पण आम्ही एकमेकांसाठी थांबतो. रात्रपाळीवाला असतो, बाळंतीण असते, परीक्षा असलेला असतो, आणि सगळे त्याच्यासाठी तोंडाला कुलूप लावून बसतात. माझ्यासाठी आख्ख्या जगात दुसरं कोण थांबतं? या वेळी शेवटची मी होते. तिसरा भाग मी सुट्टीच्या सकाळसाठी राखून ठेवला होता, गटावर लोक नुसती टिंबं पाठवत होते, आणि कोणी चुकून एक शब्द बोललं नव्हतं. मौन मोडणाऱ्याला तळावरून हाकलून द्या असं पूर्वी एकदा ठणकावून लिहिणारा कोण होता? धूमकेतू. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

त्याला नियम माहीत नव्हता असं नाही, आणि आवरलं नाही असंही नाही. त्यानं मुद्दाम केलं. लहानपणी चेंडू लागून काच फुटली की तो आधी मला आत पाठवायचा, बाबांचा मूड बघून ये म्हणून. मी बाबांच्या आसपास घुटमळून यायची, मग साहेब आत जायचे. आता वय वाढलं, केस विरळ झाले, सवय तीच. फक्त या वेळी मूड बघायचा होता तो माझाच, म्हणून त्यानं नकाशेवालीला पुढं घातलं होतं. शेवटी ती त्याला माफ करते. बघ, शिक, तयार हो, मग बोलू. स्वतःच्या तोंडानं बोलायचे चार शब्द याच्याकडे नाहीत, आणि तेही त्यानं टीव्हीवाल्यांकडून उसने घ्यावेत याचा मला इतका संताप आला की संध्याकाळी घरी येताना मी एक स्टॉप पुढं उतरले.

सुट्टीच्या सकाळी पडदे ओढून मी बसले. आई शेजारी मटार सोलत होती. टीव्ही लावला की ती कानातलं यंत्र काढून पदरात ठेवते, म्हणते सगळे ओरडतात. त्यामुळं तिनं तो भाग पाहिला तो नुसता चित्रांचा. मला संगीत ऐकू येत होतं आणि संगीत लबाड असतं. कप्तानची दाढी पिकलेली, डोळे ओले. तो कसा झोपला नाही, कसा त्याला तिचा आवाज ऐकू यायचा, कसा त्यानं संसार टाकला, नवं यान मिळवलं, सगळं दाखवलं, तिन्ही भाग भरून दाखवलं. ती त्या ग्रहावर इतकी वर्षं कशी राहिली हे कुठंच नाही. एकदम शेवटाकडं यान उतरतं, आणि ती दिसते. आणि तिच्यामागं बाग. उजाड दगडावर तिनं झाडं लावलेली, मातीचे वाफे केलेले, दगड रचून पाणी वळवलेलं, एका झाडाला तर टेकू दिलेला. मी उठून उभी राहिले. कप्तान गुडघ्यावर बसला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाली, मी केव्हाच माफ केलं. व्हायोलिनं सुरू झाली. तो म्हणाला, चल घरी. तिनं हात हातात दिला, दार बंद झालं, खिडकीतून एक क्षणभर तो हिरवा ठिपका दिसला, आणि मग सगळे यानात टाळ्या वाजवत होते. मला रडू येत होतं, आणि ते त्या व्हायोलिनांनी आणलेलं आहे हे कळून मी आणखी चिडत होते. आई मटार सोलता सोलता म्हणाली, "हा कशाला रडतोय? ती तर चांगली दिसतेय की." जरा वेळानं तिनंच विचारलं, "आणि आता त्या झाडांना पाणी कोण घालणार?"

तिला गोष्टीतलं ओ का ठो माहीत नव्हतं. पण व्हायोलिनं तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती, त्यामुळं जे होतं ते तिला दिसलं होतं.

मी गटावर 'दार बंद' लिहिलं आणि धरण फुटावं तसे लोक सुटले. संताप सगळ्यांचाच होता, पण कशाकशाचा. इंजिनमास्तर पेटले होते कारण यानाच्या मागचा उजेड पहिल्यापासून पिवळा होता तो आता निळा केलाय. बर्फगोळ्याला डॉक्टरचं लग्न लावून दिल्याचा राग. कोणाला शीर्षकगीत बदललं म्हणून अपमान वाटत होता, कोणी म्हणत होतं आमच्या तोंडाला पानं पुसली, याच्यापेक्षा बंद ठेवली असती तर बरं. पण नकाशेवालीच्या सुटकेबद्दल सगळ्यांचं एकमत. वा, डोळे भरून आले, शेवटी घरी आली बिचारी. आणि मग धूमकेतूची लांबलचक पोस्ट. 'आपण सगळेच कोणाला ना कोणाला मागं ठेवून आलेलो असतो,' अशी सुरुवात. पुढं, जाणाऱ्याचं दुःख राहणाऱ्याला कधी कळत नाही, परत यायलाही धैर्य लागतं, क्षमा हीच खरी सातवी कक्षा, वगैरे. लोकांनी त्यावर हृदयं ओवाळली. बर्फगोळ्यानं लिहिलं, धूमकेतू, रडवलंत. मी ते वाचलं तेव्हा स्वयंपाकघरात उभी होते, आणि माझ्या हातात आईच्या गोळ्यांचा डबा होता. जाणाऱ्याचं दुःख! उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस शेळ्यांना सांगतो, वर ऊन फार लागतं.

मी लिहिलं, तिला यायचंय का हे तिला कोणी विचारलं? मास्तरांचं उत्तर लगेच आलं की विचारलं, ती हो म्हणाली. मी लिहिलं, दाखवा. तळावरचा दुसरा नियम हाच आहे, दावा केला की प्रसंग दाखवायचा. मग जे झालं ते फक्त आमच्यातच होऊ शकतं. निळ्यापिवळ्यावरून हमरीतुमरीवर आलेले ते लोक भांडण तिथंच टाकून कामाला लागले. कोणी पहिला भाग घेतला, कोणी दुसरा. शब्द न् शब्द तपासला. संध्याकाळपर्यंत गटावर शुकशुकाट. कोण कुठला तो मास्तर, आयुष्यात मला भेटलेला नाही, पण माझा एक प्रश्न खरा की खोटा हे बघायला त्यानं आपली सुट्टी घालवली. शेवटी त्यांचा निरोप आला. 'मी तिसरा भाग तीनदा पाहिला. कानकोरणं यांचं बरोबर आहे. चल म्हणतात, येतेस का म्हणत नाहीत. माझ्या लक्षात आलं नाही याची मला लाज वाटते.' मग माझा फोन वाजला. दादा होता.

त्यानं गटातल्या चर्चेचा उल्लेखच केला नाही. कशी आहेस, हवा कशी आहे, तुमच्या दवाखान्यात गर्दी असते का. मी म्हटलं, दादा, मुद्द्यावर ये. मुद्दा असा होता की त्यानं तिकिटं काढली होती. पुढच्या रविवारी तो येणार होता आणि परत जाताना आईला घेऊन जाणार होता, कायमची. घर मोठं आहे, दवाखाना जवळ आहे, वहिनीही तयार आहे. सगळं ठरवून, खोलीला रंगसुद्धा देऊन झाला होता.

"तू आता मोकळी हो," तो म्हणाला. "खूप केलंस तू."

खूप केलंस तू. नोकरीतून निवृत्त होणाऱ्या शिपायाला साहेब म्हणतात तसं. नारळ तेवढा द्यायचा राहिला होता. मला एकदम आमचं घर दिसलं, म्हणजे मी त्याच घरात उभी होते तरी दिसलं. आईला धरायला म्हणून न्हाणीघरात मी स्वतः भिंतीत ठोकलेला दांडा, तिच्या खुर्चीचे कापलेले पाय, दाराची बेल वाजली की पेटणारा दिवा, तिच्या उजव्या कानाचा साचा जो मी पुन्हा पुन्हा केला आणि शेवटी असा जमला की एवढीशी शिट्टी वाजत नाही. हे सगळं एका माणसानं दुसऱ्यासाठी केलं असं मला कधी वाटलं नव्हतं. हे माझं राहणं होतं. मी इथं कोणाच्या यानाची वाट बघत बसले नव्हते. आणि हा येणार, डोळ्यात पाणी आणणार, आईला घेऊन जाणार, आणि मला सुटका म्हणून जे देणार ते रिकामं घर.

"आईला विचारलंस?" मी म्हटलं.

"तिला काय विचारायचं? मुलाकडे यायला कुठली आई नाही म्हणेल?"

मी फोन ठेवला. त्याला पुढं काही बोलायचं होतं, पण ठेवला.

आई गॅलरीत बसली होती. मी यंत्र तिच्या कानात बसवलं, समोर स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं. माझी बाजू लावून सांगितलं हे कबूल. घर मोठं आहे हे पुटपुटत सांगितलं आणि कायमची हे ठणठणीत. तिचं उत्तर मला पाठ होतं. माझी माणसं इथं, माझा कोपरा इथं, मी कुठं जाऊ या वयात. मग मी दादाला फोन करणार होते आणि सांगणार होते की बघ, विचारल्यावर काय होतं.

"जाईन की," आई म्हणाली.

मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं. तिनं हात वर करून मला थांबवलं.

"ऐकू आलं मला. कायमची कशाला, महिनाभर जाईन. पण जाईन."

इतका वेळ मी दादावर रागावले होते, आता तिच्यावर रागावले. उठून आत गेले, भांडी घासायला लागले, एक कपबशी फोडली. आतून मी विचारत राहिले, आणि तिचं यंत्र चांगलं असल्यामुळं तिला सगळं ऐकू येत होतं. काय म्हणून? ज्यानं बाबांना शेवटी फोनवर बघितलं, ज्याला तुझा रक्तदाब किती ते माहीत नाही, त्याच्याकडे? एका हाकेला? ती काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारात आली आणि चौकटीला धरून उभी राहिली. तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. तिच्या गालावर लाल चट्टे उठले होते.

"तुला वाटतं राग फक्त तुलाच येतो," ती म्हणाली. "मी किती वर्षं फोनवर रागावतेय त्याच्यावर. रागावले की म्हणतो, आई, आवाज तुटतोय. मला समोर बसून रागवायचंय. त्याच्या घरात, त्याच्या टेबलाशी. रोज थोडं थोडं. फोनवर नाही होत ते."

मी फुटलेल्या कपाचे तुकडे गोळा करत खाली बसले होते, तिथंच बसून राहिले. आईच्या आणि माझ्या मध्ये इतकी वर्षं एकच भिंत होती, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकच धग होती, हे मला माहीत नव्हतं. मी तिच्यासमोर दादाचं नाव काढायची नाही, तिला वाईट वाटेल म्हणून. ती माझ्यासमोर काढायची नाही, मला त्रास होईल म्हणून. दोघी मिळून त्याची प्रकृती सांभाळत होतो जणू.

रविवारी तो आला. जाडा झालाय, चष्मा लागलाय, बॅगेचं एक चाक मोडलंय. दारात उभा राहून त्यानं मला नीट बघितलं आणि त्याचे डोळे भरून आले. ते खरे होते, नाही म्हणत नाही मी. पण त्याचे ओठ जुळवाजुळव करायला लागले होते, आणि मला दिसत होतं की तो वाक्य घेऊन आलाय. विमानात बसून तयार केलेलं, घोटलेलं वाक्य. त्यानं हात पुढं केले. एकदा ते वाक्य बाहेर पडलं असतं तर माझाही हात त्याच्या डोक्यावर गेला असता, कारण तो माझा भाऊ आहे आणि मी दगड नाही. मग चहा झाला असता, वहिनी कशी आहे झालं असतं, आणि बाकी सगळं खिडकीतून दिसेनासं झालं असतं.

"आधी बस," आई आतून म्हणाली. "पाणी पी."

तो बसला. सोफ्याच्या त्याच्या टोकाला बसला आणि पाणी प्यायला. आईनं आपली खुर्ची त्याच्या अगदी समोर ओढायला मला लावली. मग तिनं कानाशी हात नेऊन यंत्राचा आवाज वाढवला, एक पायरी, आणखी एक. दादा काहीतरी बोलायला लागला, तर तिनं त्याच्याकडे न बघता मला खूण केली.

"तू आधी बोल," ती म्हणाली. "माझं नंतर. आणि मोठ्यानं बोल, मलाही ऐकायचंय. तू मलाही कुठं सांगितलंयस."

दादानं माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते माफी मागणाऱ्याचं नव्हतं, घाबरलेल्याचं होतं. आत जाऊन त्याच्यासाठी मूड बघून येणारं आता कोणी नव्हतं. मी स्टूल ओढलं, आईच्या शेजारी बसले, आणि म्हटलं,

"बाबा गेले त्या दिवशी लिफ्ट बंद होती."